गोड फ्रुटी परफ्यूम घ्यायचाय? आधी दुपार होऊ द्या

मागच्या महिन्यात भाचीचा फोन आला, मावशी पहिला पगार झालाय, एक भारीतला परफ्यूम घ्यायचाय, गोड हवाय, फळांचा वास असलेला, पण डोकं उठवणारा नको, कुठला घेऊ सांग. आता याला काय उत्तर देणार, "माझ्यासाठी स्थळ सुचव" म्हटल्यासारखंच झालं ते. नाव सांगता येत नाही पण बघायचं कसं ते सांगता येतं. तासभर फोनवर जे बडबडले ते इथे लिहून काढतेय, कारण हा प्रश्न मला ऑफिसातल्या पोरी पण विचारतात आणि दरवेळी तेच सांगून माझा घसा बसतो.

आधी माझी स्वतःची फजिती सांगते म्हणजे पुढचं सगळं का सांगतेय ते कळेल. चार-पाच वर्षांपूर्वी एका विमानतळावर, बोर्डिंगला पंधरा मिनिटं बाकी, काउंटरवरच्या मुलीने कागदाची पट्टी नाकाशी धरली आणि अहाहा, नुकतीच चिरलेली रसदार नाशपाती! घेतली ना मी डायरेक्ट १०० मिलीची बाटली. घरी आले, एप्रिल संपत आलेला, सकाळी तीन फवारे मारून ठाण्याहून लोकल पकडली आणि मुलुंड येईपर्यंत नाशपाती गायब. भांडुपला माझ्या अंगाला चिक्कीचा पाक उकळत ठेवल्यासारखा वास यायला लागला, नुसता पाक, शेंगदाणे पण नाहीत त्यात. शेजारी बसलेल्या बाईने पदर नाकाला लावला. मी पण लावला असता, पण माझी ओढणी तर त्याहून जास्त घमघमत होती. ती बाटली शेवटी जाऊबाईंना दिली, त्यांना आवडली म्हणाल्या, पण लावलेली काही मी कधी बघितली नाही.

तर मुद्दा असा की गोड-फ्रुटी परफ्यूम पहिल्या दहा मिनिटांत सगळेच छान असतात. सगळेच! फळांचे वास हलके असतात, पटकन उडतात, आणि काउंटरवर तुम्हाला फक्त तेवढेच दाखवतात. तुम्ही पैसे मोजता ते मात्र पुढच्या सहा तासांचे.

गोडाला टेकू कशाचा आहे

हे एक कळलं ना की अर्धं काम झालं. आपण आमटीत गूळ घालतो, पण त्या आमटीला कुणी गोड आमटी म्हणत नाही, कारण आमसूल आहे, गोडा मसाला आहे, मीठ आहे. तोच गूळ नुसत्या वरणात घालून बघा, दोन घासांत नको होईल. परफ्यूमचं अगदी हेच. गोड किती आहे याला फार अर्थ नाही, त्या गोडाला कशाने धरून ठेवलंय ते शोधायचं.

गोड परफ्यूमचं हे प्रकरण सुरू झालं १९९२ मध्ये, थिएरी म्युग्लर या फ्रेंच फॅशन डिझायनरच्या एंजल परफ्यूमपासून. म्हणजे त्याआधी परफ्यूममध्ये गोडवा नव्हता असं नाही, गेर्लां या फ्रेंच कंपनीच्या शालिमारमध्ये १९२५ सालीच दणकून व्हॅनिला होता. पण जत्रेतल्या मिठाईसारखा गोड वास बायकांच्या महागड्या परफ्यूमला द्यायचा, हे एंजलने केलं. म्युग्लरला लहानपणीच्या जत्रेचा वास हवा होता, आणि परफ्यूमर, म्हणजे वास बनवणारा, ऑलिव्हिए क्रेस्पने त्यासाठी एथिल माल्टॉल नावाचं रसायन भरपूर वापरलं. एथिल माल्टॉल म्हणजे काय? बुढ्ढी के बाल. खरंच, त्याचा वास एक्झॅक्टली गुलाबी बुढ्ढी के बालचा असतो, तापलेल्या साखरेचा. आज तुम्ही कुठलाही गोड लेडीज परफ्यूम उचला, त्यात हे थोडंफार सापडायची शक्यता खूपच जास्त.

पण एंजल नुसता बुढ्ढी के बाल असता तर तीन महिन्यांत विसरला गेला असता. त्याच्या गोडाखाली पचौलीचा जाड, मातकट, जुन्या लाकडी कपाटासारखा वास आहे. आपल्याकडे वेणीत मरव्याबरोबर पाचेची पानं घालतात ना, ती पाच पचौलीच्याच कुळातली. गोड एका टोकाला, माती दुसऱ्या टोकाला, आणि दोघांची रस्सीखेच, म्हणून तो एवढी वर्षं चालला. मला स्वतःला एंजल झेपत नाही हे पण सांगून टाकते, पण बनवलाय भारी.

मग आता कुठलाही गोड परफ्यूम हुंगताना स्वतःला विचारायचं, यात गूळ सोडून दुसरं काय आहे? आंबट आहे का, कडू आहे का, लाकूड, माती, कॉफी, पावडर, मीठ, काहीतरी? दोन तासांनीसुद्धा उत्तर "काहीच नाही" असं आलं तर बाटली खाली ठेवा.

दुकानात जाण्याआधी

सकाळी जा. नाक सकाळी ताजं असतं आणि मुख्य म्हणजे पुढचा पूर्ण दिवस हातात असतो, संध्याकाळी सात वाजता मॉलमध्ये फवारून नऊला झोपून गेलं तर काय कळणार. त्या दिवशी वासाचा डिओ नको, बॉडी लोशन नको, केसांना खोबरेल तेल चोपडलेलं नको, साबण शक्यतो सौम्य. सर्दी असेल तर जाऊच नका. आणि जाताना मैत्रीण न्या, पण अशी न्या जी तोंडावर खरं बोलते. तिचं काम पुढे येईल.

अंगावर कपडे पण रोजचेच घाला, कारण परफ्यूमचा वास ओढणीवर दोन-दोन दिवस राहतो आणि तो आवडला नाही तर मग ड्रायक्लीनिंगचा खर्च वेगळा.

काउंटरवर

तिथली मुलगी धावत येणार, मॅडम हा बघा बेस्टसेलर, मॅडम ह्याच्यावर ऑफर आहे. तिची चूक नाही, तिला टार्गेट असतं. गोड हसायचं आणि म्हणायचं मला चार पट्ट्या द्या. चारच. पाचव्यापासून नाकाला सगळं सारखंच वाटायला लागतं, यात तुमच्या नाकाचा काही दोष नाही, नाक असंच असतं. प्रत्येक पट्टीवर पेनने नाव लिहा, नाहीतर घरी पर्समधून चार पट्ट्या निघतात आणि कुठली कुठली कळत नाही, माझं शंभर वेळा झालंय. फवारा पट्टीच्या टोकाला मारायचा, अर्धा मिनिट अल्कोहोल उडू द्यायचं, मग नाकाजवळ आणायची, नाकाला चिकटवायची नाही.

मध्येच ती कॉफीच्या बियांची वाटी पुढे करेल, नाक रिसेट करा म्हणून. कॉफी हुंगून बघा, मस्त वाटतं, पण उपयोग काही नाही. २०११ साली यावर एक प्रयोग झाला होता, कॉफीच्या बिया, लिंबाच्या फोडी आणि नुसती हवा अशी तुलना केली, तिन्हींत फरक निघाला नाही. त्यापेक्षा दुकानाबाहेर जाऊन पाच मिनिटं उभं राहा, किंवा स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूचा वास घ्या, ते फुकट आहे.

चारातले दोन बाद करा. राहिलेले दोन अंगावर, एक डाव्या मनगटावर एक उजव्या, किंवा कोपराच्या आत म्हणजे हात धुताना जात नाही. आणि मनगटं एकमेकांवर घासू नका हो! सिनेमात हिरोईन घासते म्हणून आपण पण घासतो. त्याने काही मोडत-बिडत नाही, पण घर्षणाने त्वचा गरम होते आणि वरचे हलके वास, म्हणजे नेमकी आपली फळं, अजून पटकन उडतात.

आणि मग, हे सगळ्यात अवघड आहे, काही न घेता बाहेर पडा. मॉलचा एसी २२-२३ वर असतो, तिथे सगळंच सभ्य वागतं. बाहेर रिक्षात बसा, ऊन लागू दे, घाम येऊ दे, एक वडापाव खा, मग बघा.

फळ आहे की खोडरबर?

लहानपणी ते वासाचं खोडरबर मिळायचं आठवतंय का, स्ट्रॉबेरीचं, गुलाबी, आपण सगळ्यांनी एकदा तरी चावून बघितलंय. फ्रुटी परफ्यूमची पहिली परीक्षा ती, तुम्हाला फळ आठवतंय की खोडरबर?

मजा अशी की दोन्हीकडे फळ नसतंच. संत्रं-लिंबू सोडलं, त्यांच्या सालीतून तेल निघतं, तर बाकी बहुतेक फळांतून परफ्यूमला वापरता येईल असा अर्क काढता येत नाही. स्ट्रॉबेरी, पीच, सफरचंद, नाशपाती हे सगळं प्रयोगशाळेत बनलेलं. आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही, गेर्लांचा मित्सुको १९१९ चा, आजही लोक त्याचं नाव आदराने घेतात, त्यातलं पीच सुद्धा रसायनच. त्याला धंद्यात अल्डिहाइड सी-१४ म्हणतात आणि गंमत म्हणजे ते अल्डिहाइड नाहीच, लॅक्टोन नावाचा वेगळाच रासायनिक प्रकार आहे, आणि त्यात १४ कार्बन पण नाहीत, ११ आहेत. नाव ठेवणाऱ्याने काय खाऊन ठेवलं देव जाणे.

त्यामुळे "नॅचरल आहे का" हा प्रश्न इथे सोडून द्या. विचारायचं असं की फळ पूर्ण आहे का. खऱ्या फळाला नुसता गोड वास नसतो. पिकलेला पेरू कापल्यावर बघा, गोड आहेच, पण त्याच्यामागे एक उग्र, गंधकासारखा, जरा प्राण्यासारखा वास असतो, एक पेरू टेबलावर ठेवला की सगळ्या घराला कळतं. करवंदाला देठाच्या चिकाचा वास असतो. आंब्याला पेटीतल्या पेंढ्याचा. परफ्यूममध्ये ब्लॅककरंट नाव वाचाल, त्याच्या कळ्यांचा अर्क खरंच मिळतो, आणि त्यात, आता कसं सांगू, मांजराने कोपऱ्यात कार्यक्रम केल्यासारखा एक धागा असतो. घाण वाटतं ना ऐकायला? पण तोच चिमूटभर असला की फळ जिवंत वाटतं, आणि तो काढून टाकला की राहतं ते सरबत. बाटलीतलं.

म्हणून पट्टीवर पहिल्या पाच मिनिटांत हिरवं, आंबट, साल, देठ असं काहीतरी शोधा. नुसतंच गुळगुळीत गोड आणि डोळ्यासमोर शाम्पूची बाटली आली, तर ते खोडरबर.

एक बाटली घेऊन दिवसभर

उदाहरण म्हणून लाँकोमचा ला व्ही ए बेल घेऊ, कारण तो मोठ्या मॉलमध्ये बहुतेक काउंटरवर असतो, तुम्हाला स्वतः करून बघता येईल. नावाचा अर्थ आयुष्य सुंदर आहे, आला २०१२ मध्ये, जाहिरातीत जुलिया रॉबर्ट्स, आणि बनवायला तीन परफ्यूमर, ऑलिव्हिए पोल्ज, डोमिनिक रोपियाँ आणि आन फ्लिपो. तिघेही मोठे लोक.

मी हा गेल्या जानेवारीत पुण्याला बहिणीकडे आणि परत मेमध्ये ठाण्यात असा दोनदा पूर्ण दिवस लावून बघितला. सकाळी साडेदहाला डाव्या हातावर एक फवारा. पहिली मिनिटं नाशपाती आणि ब्लॅककरंट, चकचकीत, पण साध्या-सरळ फळांचा परफ्यूम वाटावा एवढी टिकत नाहीत, दहा-बारा मिनिटांत मागे सरकतात. मग संत्र्याची फुलं आणि मोगऱ्याच्या जवळचं काहीतरी, आणि मग येतो तो खरा पाहुणा, आयरिस. आयरिसचा वास फुलाचा नसतो बरं का, कंदाचा असतो, आणि तो कंद जमिनीतून काढून दोन-तीन वर्षं वाळवत ठेवावा लागतो तेव्हा कुठे त्याला वास चढतो, म्हणून तो भयंकर महाग. वास कसा, तर आईचा मेकअपचा डबा उघडल्यासारखा, कॉम्पॅक्ट पावडर आणि लिपस्टिक, जरा थंड, जरा कोरडा, किंचित गाजरासारखा.

साडेअकराला खालून प्रालीन यायला लागतं, प्रालीन म्हणजे साखरेच्या पाकात घोळलेले भाजके दाणे समजा, आणि व्हॅनिला. इथे बघायचं. तो पाक आता सगळं गिळून टाकतो का? जानेवारीत पुण्यात अजिबात नाही, आयरिसची पावडर वर आणि गोड खाली, चार वाजेपर्यंत दोघं नीट नांदत होते, संध्याकाळी पचौलीचं लाकूड आणि व्हॅनिला, मस्त. शालीवर दुसऱ्या दिवशी पण होता.

मेमध्ये ठाण्यात तोच एक फवारा. आयरिस जेमतेम तासभर. साडेबाराला प्रालीनने घर ताब्यात घेतलं. वाईट नव्हता, पण ऑफिसच्या लिफ्टमध्ये एका सरांनी विचारलं आज कुणाचा वाढदिवस आहे का, केक आलाय का. मग मी लक्षात ठेवलं, ह्याचा मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी आणि एसीतली लग्नं, बाकी वेळ एक फवारा आणि तोही ओढणीच्या आतल्या बाजूला.

हेच तुम्ही कुठल्याही बाटलीचं करा. फोनमध्ये नोट्स उघडा आणि पाच वेळा लिहा: लावल्यावर लगेच, वीस मिनिटांनी, दोन तासांनी, चार तासांनी, झोपताना. शब्द परफ्यूमवाल्यांचे नकोत, आपलेच, "बडीशेपेची गोळी", "रसना", "नवीन वही", "कुणाच्यातरी काकूंचं कपाट". माझ्या एका नोटमध्ये नुसतं लिहिलंय "दंतवैद्य". तो अर्थातच घेतला नाही.

चार तासांच्या नोटीला सगळ्यात जास्त मार्क द्या.

आपल्या नाकावर फार विश्वास ठेवू नका

सतत अंगावर असलेला वास अर्ध्या तासाने मेंदू ऐकायचं सोडून देतो. मग आपल्याला वाटतं उडाला आणि आपण अजून चार फवारे मारतो, आणि लेडीज डब्यात सकाळी साडेआठला सगळ्यांना शिक्षा. शिवाय गोड परफ्यूमच्या तळाशी बहुतेक वेळा मस्क, म्हणजे कस्तुरीसारखे वास, असतात, त्यातले काही मस्क काही लोकांना जन्मतःच वासाला येत नाहीत, म्हणजे तुम्हाला काहीच नाही आणि शेजारणीला घमघमाट.

इथे ती खरं बोलणारी मैत्रीण. तिला विचारायचं, पण "कसा आहे" असं विचारायचं नाही, त्याचं उत्तर "छान" असतं. विचारायचं, किती लांबून येतोय? हाताच्या अंतरावरून आला तर ऑफिसला ठीक. तुम्ही खोलीत यायच्या आधी आला तर फवारे कमी करा. आणि दुसरा प्रश्न, काय आठवतंय? तिने खायच्या पदार्थाचं नाव घेतलं तर हरकत नाही, फ्लोअर क्लीनरचं घेतलं तर विषय संपला.

घरात ज्येष्ठ नाक असेल तर अजून बरं. माझ्या सासूबाईंना परफ्यूममधलं ओ की ठो कळत नाही, पण "हा वास अंगाचा वाटतोय" आणि "हा वास अंगावर ओतल्यासारखा वाटतोय" एवढा फरक त्या बरोबर सांगतात, आणि एकदाही चुकलेल्या नाहीत.

बाकीच्या काही, झटपट

टेकू ओळखायची प्रॅक्टिस हवी असेल तर हे टेस्टर हुंगून बघा, विकत घ्या असं म्हणत नाहीये. डीकेएनवायचा बी डिलिशस, २००४, हिरवं सफरचंद आणि काकडी, इथे गोड कमी, टेकू पाण्याचा आणि हिरव्याचा, आपल्या उन्हाळ्याला हा चालतो, पण टिकतो कमी. नीना रिचीचा नीना, २००६, बाटलीच सफरचंदाची, पण हे सफरचंद पाकात बुडवलेलं आणि वर लिंबू पिळलेलं, वीस-बावीसच्या मुलींना गोड दिसतो, मला आता नाही पेलत. प्राडा कँडी, २०११, नावाप्रमाणे कॅरमेल, पण खाली बेंझॉइन म्हणजे आपला लोबान, त्याने गोडाला धूर-धूर असा उबदारपणा येतो, फळ जवळपास नाहीच, पण गोड नीट कसं धरायचं ते शिकायला एक नंबर. वायएसएलचा ब्लॅक ओपियम, २०१४, कॉफी आणि व्हॅनिला, टेकू कडूचा. बर्बेरी हर, २०१८, फ्रान्सिस कुर्कजियानचा, स्ट्रॉबेरी-रास्पबेरी सगळ्या बेऱ्या एकत्र, महाबळेश्वरला जॅमच्या कारखान्याबाहेर गाडी थांबवल्यासारखं, मग कोरडा अंबर आणि मस्क. दमट हवेत सांभाळून.

आणि फ्लँकर नावाचा घोळ. एक परफ्यूम चालला की कंपनी त्याची दहा भावंडं काढते, तीच बाटली, रंग वेगळा, नावाला एखादा शब्द जोडलेला. आडनाव एक असलं तरी स्वभाव वेगळे असतात. मैत्रिणीचा आवडला तर बाटलीचा फोटो काढा, पूर्ण नाव वाचा, ओ द तॉयलेट आहे की ओ द पार्फम तेही बघा. पार्फम म्हणजे तोच वास जास्त स्ट्राँग एवढंच लोकांना वाटतं, पण बऱ्याचदा फॉर्म्युलाच वेगळा असतो, फळं तॉयलेटमध्ये जास्त आणि पाक पार्फममध्ये जास्त असं मला अनेकदा दिसलंय. आपल्या हवेला मी तरी आधी तॉयलेट हुंगून बघते.

पैशाचं बोला

साधारण एका फवाऱ्यात ०.१ मिली जातं. म्हणजे ५० मिलीत पाचेकशे फवारे. समजा बाटली ८,००० ची, तर फवारा १६ रुपये, रोज तीन मारले तर ४८, वडापाव-चहा झाला. असा हिशोब केला की १०० मिलीचा मोह कमी होतो, गोड परफ्यूम तर रोज लावलाच जात नाही, बाटली चार वर्षं पुरते आणि तोवर आपली आवड बदलते. ३० मिली मिळत असेल तर तीच घ्या. त्याहून शहाणपणा म्हणजे आधी ५ मिलीचं डिकँट, म्हणजे मोठ्या बाटलीतून छोटीत काढलेला परफ्यूम, पन्नास फवारे, पंधरा-वीस दिवस वापरून कंटाळा येतो का बघायचं. पण डिकँट ओळखीच्या, खात्रीच्या माणसाकडूनच, कारण छोट्या बाटलीत काय ओतलंय ते दिसत नाही.

नकली मालाचं म्हणाल तर इम्पोर्टेड परफ्यूमच्या खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष असं लेबल भारतात असावंच लागतं. ते नाही आणि भाव निम्म्याहून कमी, तर कितीही "ओरिजिनल आहे ताई, कस्टमचा माल" म्हणू दे, पुढे चला. खोक्यावरचा आणि बाटलीखालचा बॅच कोड एकच आहे का बघा, पण तो जुळला म्हणजे खरा असंही नाही, कोड काय, कुणीही छापतो. गोड परफ्यूमचा रस वर्षा-दोन वर्षांत गडद झाला तर घाबरू नका, व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाच्या वासाचं रसायन, त्यामुळे होतो तो. लावल्यावर आधी नेलपॉलिश रिमूव्हरसारखा आंबूस भपका आला तर मात्र गेला तो.

त्याच व्हॅनिलिनमुळे पांढऱ्या कुर्त्यावर पिवळट डाग पडू शकतो, म्हणून कपड्यावर मारायचाच तर आतून. पैठणीवर, जरीवर अजिबात नको. आणि लग्नाला जाताना आधी परफ्यूम, मग दहा मिनिटांनी दागिने, मोत्याची नथ, तन्मणी यांच्यावर अल्कोहोल उडालं की मोत्याची चकाकी जाते. ठेवायचा कपाटात, अंधारात. बाथरूममधल्या आरशासमोर मांडून ठेवलेली बाटली इन्स्टाला छान दिसते, वाफेने आणि उष्णतेने वाट लागते तिची.

भाचीचं काय झालं विचाराल. शनिवारी सकाळी अकराला दोन्ही हातांवर दोन परफ्यूम लावून ती दुकानातून रिकाम्या हाताने बाहेर पडली, याचंच मला कौतुक वाटलं. मग दिवसभर मेसेज. ११.२० ला "मावशी उजवा बेस्ट आहे, उजवाच घेणार." दीडला "उजवा जरा जास्तच होतोय." साडेतीनला, बसमधून, "उजव्या हाताला मुंग्या लागतील असं वाटतंय, डावा मस्त आहे, लाकडासारखा, मगाशी कळलाच नव्हता." डाव्याचं नाव तिने पट्टीवर लिहिलं नव्हतं. रविवारी परत गेली शोधायला.